धुराड्यामागून बोलतोय

मी एका मालवाहू जहाजावरचा सॅटेलाइट फोन बोलतोय. ऐकू येतंय ना? विचारून घेतलेलं बरं. माझ्या बाबतीत ते गृहीत धरता येत नाही.

माझे दोन भाग आहेत. सुकाणूच्या खोलीत भिंतीवर रिसीव्हर, आणि वर छतावर पांढरा घुमट. घुमटाच्या पोटात एक तबकडी आहे. जहाज कितीही डुललं तरी ती उपग्रहाकडे तोंड करून राहते. फक्त समोरचं आकाश मोकळं हवं.

मला बसवायला आलेला इलेक्ट्रिशियन फार हुशार होता, म्हणजे त्याचं स्वतःचं तसं मत होतं. त्याने खोक्यातून माहितीपुस्तक काढलं आणि त्यावर चहाचा कप ठेवला. छतावर माझ्यासाठी योग्य जागा एकच होती, पुढची. तिथे इंजिनसाहेबांची घडीची खुर्ची होती.

"इथे मला ऊन मिळतं," इंजिनसाहेब म्हणाले. "तुझा डबा मागे लाव."

"मागे धुराडं आडवं येईल, साहेब."

"येऊ दे. ते काय मध्ये बोलणार आहे?"

झालं! मला धुराड्यामागे ठोकलं. केबल ओढली, सिमकार्ड घातलं, बटण दाबलं. लाल दिवा लागला आणि मी जो कण्हायला लागलो, तो थांबेचना. प्रवासात तबकडी हलू नये म्हणून कारखान्याने घातलेले तीन बोल्ट कोणी काढलेच नव्हते. हातपाय बांधून नाचायला लावलं तर तुम्ही तरी काय कराल? तेव्हा कुठे महाशयांनी कप उचलला आणि पुस्तक उघडलं.

बोल्ट निघाले. मी गर्रकन फिरलो, उपग्रह सापडला, हिरवा दिवा लागला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जहाज बंदरात आडवं उभं होतं, त्यामुळे धुराडं मध्ये येत नव्हतं. इलेक्ट्रिशियन सही घेऊन पसार झाला.

समुद्रात जहाज घराच्या दिशेने वळलं की त्याचं नाक बरोब्बर उपग्रहाकडे होतं. म्हणजे जाताना फोन चालू, परतताना बंद. शिव्या मला. खुर्चीला कोणी एक शब्द बोललं नाही.

या खेपेला परतीचं वळण घेण्याच्या जरा आधी आमच्या आचाऱ्याला बहिणीचा फोन आला. आईच्या मणक्याचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी अकरा वाजता होतं. "आई हटून बसलीय. पोराशी बोलल्याशिवाय टेबलावर चढणार नाही म्हणते. डॉक्टर सांगून थकले. तू साडेदहाला फोन कर."

दुसऱ्या दिवशी दहा वाजताच आचारी माझ्यासमोर येऊन उभा राहिला. हात कांद्याने ओले. दिवा लाल. त्याने रिसीव्हर सात वेळा उचलला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

इंजिनसाहेब वर जाऊन धुराडं बघून आले. मान खाली घालून कप्तानाला म्हणाले, "साहेब, चूक माझी आहे. जहाज वीस अंश डावीकडे घेतलं तर धुराडं बाजूला होईल."

"हे जहाज आहे, रिक्षा नाही," कप्तान खेकसला. "डिझेलचा हिशोब मला द्यावा लागतो."

आचाऱ्याने रिसीव्हर आठव्यांदा उचलला. कप्तानाने घड्याळ पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि सुकाणूवरच्या माणसाला म्हणाला, "घे डावीकडे. वीस."

पोटात हजारो टन सिमेंट घेऊन जहाज हळूहळू वळलं. दिवा हिरवा झाला.

"इतका वेळ काय करत होतास?" आई कडाडली.

"आई, तुझ्यासाठी अख्खं जहाज वाकडं केलंय."

"कोणी सांगितला होता उपद्व्याप? जेवलास का?"

"हो. आई, भीती वाटतेय का गं?"

ती अगदी हळू म्हणाली, "वाटते रे."

"मी येतोय. पंधरा दिवसांत दारात उभा असेन."

"ये. जाते मग मी आत." तिने फोन ठेवला.

जहाज पुन्हा सरळ झालं आणि मी पुन्हा आंधळा. ऑपरेशन तीनपर्यंत चालणार होतं. पुन्हा वळवा म्हणायची आचाऱ्याची हिंमत नव्हती. दुपारचं जेवण अळणी झालं होतं, पण सगळ्यांनी ते मुकाट्याने खाल्लं.

तीन वाजून गेले. कप्तान दुर्बीण पुसत म्हणाला, "घे डावीकडे. वीस."

"का साहेब?" सुकाणूवरच्याने विचारलं.

"वारा बघतोय."

वाऱ्याचा पत्ता नव्हता. समुद्र ताटासारखा सपाट होता. आचाऱ्याला कोणीतरी हाक मारली. चार वाजता माझी घंटा वाजली.

"आई शुद्धीवर आलीय," बहीण रडत हसत होती. "डॉक्टर म्हणाले, सगळं नीट झालं. डोळे उघडल्या उघडल्या तिने काय विचारलं असेल? त्याचं जहाज सरळ झालं का म्हणे!"

आचारी बाहीने डोळे पुसायला लागला. कप्तानाने त्याच्या हातातून रिसीव्हर घेतला.

"आईंना सांगा, आता करतोय."

जहाज सरळ झालं, बोलणं मध्येच तुटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला कोणी शिवी दिली नाही.