एकाच्या दोन गोळ्या

आमच्या गुजरातेत, चरोतर भागात हिवाळा लागला की अमेरिकेतली मंडळी येतात आणि त्यांच्या बॅगांतून औषधांच्या बाटल्या निघतात. चॉकलेटं पोरांना, बाटल्या म्हाताऱ्यांना. वर काय लिहिलंय ते कुणी वाचत नाही. अमेरिकेची आहे ना, मग वाईट कशी असेल? यंदा माझी नणंद नयना गुडघेदुखीसाठी निळ्या गोळ्या देऊन गेली. "भाभी, रात्री बांना एक द्यायची. दुखणं थांबतं, झोपही लागते."

बा म्हणजे माझ्या सासूबाई, डाहीबा. वय अठ्ठ्याहत्तर, जीभ अठराची. सोमवारी पहिली गोळी दिली. बुधवारी सकाळी त्या मला म्हणाल्या, "तू कोण गं? माझी भानू कुठाय?"

भानू म्हणजे मीच. मला वाटलं, चेष्टा करतायत. "तुमची भानू मेली," मी म्हटलं. बा हमसून हमसून रडायला लागल्या.

मग वाढतच गेलं. चादरीवरच्या नसलेल्या मुंग्या वेचायच्या, अकरा वर्षांपूर्वी गेलेल्या सासऱ्यांना जेवायला हाका मारायच्या. नीट झोप झाली की डोकं ताळ्यावर येईल, म्हणून मी एकाच्या दोन गोळ्या केल्या. शुक्रवारी बांनी माझ्या हातातली वाटी भिरकावली. "विष घालतेय ही मला!"

जो तो म्हणाला, म्हातारचळ लागलाय. माझे यजमान जशभाई मान खाली घालून म्हणाले, "भानू, बडोद्याच्या वृद्धाश्रमात बोलून ठेवलंय. सोमवारी सोडून येऊ." मी नको म्हटलं नाही. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं.

आश्रमाला डॉक्टरांचा दाखला हवा होता, म्हणून शनिवारी डॉक्टर पंड्यांना घरी बोलावलं.

"असं कधीपासून?"

"बुधवारपासून."

"वेड काय वार बघून येतं, भानुबेन? गेल्या रविवारी काय करत होत्या?"

"उंधियूत मीठ कमी म्हणून माझा उद्धार करत होत्या."

डॉक्टरांनी जीभ बघितली, कोरडी ठाक. पोट चाचपलं, लघवी तुंबलेली. "घरातल्या सगळ्या गोळ्या आणा." निळ्या गोळ्यांची बाटली त्यांनी खिडकीशी नेऊन वाचली. "यात झोपेचं औषधही आहे. या वयात ते असा गोंधळ घालतं. किती देत होतात?"

"एक," जशभाई म्हणाले.

"दोन," मी म्हटलं. "मी दोन देत होते."

गोळ्या बंद झाल्या, बांना दवाखान्यात ठेवून लघवीची नळी लावली. चौथ्या दिवशी त्यांनी मला नीट न्याहाळलं. "काय गं भानू, केस विंचरायला सवड नाही तुला?" मी त्यांच्या पायावर डोकं ठेवून रडले. वृद्धाश्रमाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

आता बा माझ्या हातचं जेवतात, नावं ठेवत जेवतात. त्या दिवसांतलं काही आठवत नाही म्हणतात. पण रक्तदाबाची रोजची गोळी मी दिली की घेत नाहीत. पाकीट घेऊन, काठी टेकत शेजारच्या मंजुलाबेनकडे जातात. ती नाव वाचून दाखवते, तेव्हा कुठे गोळी तोंडात टाकतात. मी दारात उभी राहून बघते. त्यांना अडवायचं तोंड मला नाही.