ज्याच्या हाती डबी

खुर्चीचं उजवं चाक कुरकुरलं तसे व्हर्लीनने दात आवळले. काल संध्याकाळी तिने स्वतः खाली बसून चारही चाकांना तेल घातलं होतं, खुर्ची ओसरीवर गोल गोल फिरवून बघितली होती. तेव्हा एक आवाज नव्हता. आणि आता डोंगरावर, अंधारात, जिथे पान हललं तरी टर्कीसारखा पक्षी सावध होतो, तिथे हे मेलं चाक कुंई कुंई करत होतं.

"त्यापेक्षा बँड लावून जाऊ या," ती पुटपुटली.

"मला काय सांगतेस? ढकलतेयस तू," रॉइस म्हणाला, आणि तेही खणखणीत आवाजात.

"हळू बोल!"

"हळूच बोलतोय."

कपाळ! डावा कान गेल्यापासून या माणसाला स्वतःचा आवाज कळेनासा झाला होता. रॉइस तिचा धाकटा भाऊ. लढाईवरून परत आला तो डावा पाय मांडीपासून आणि डावा कान तिकडच्या कुठल्याशा रस्त्यावर ठेवून. आला तेव्हापासून स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून होता. बोलणं नाही, चालणं नाही, चिडणंसुद्धा नाही. ताटात पडेल ते खायचं आणि बाहेरच्या सीडरच्या झाडाकडे बघत राहायचं. आणि मागच्या आठवड्यात, मीठ मागावं तशा सुरात म्हणाला, "शहरातल्या सैनिकांच्या आश्रमात खोली मिळालीय. सोमवारी सकाळी त्यांची गाडी येणार आहे न्यायला."

व्हर्लीन रडली, भांडली, बिडाचा तवा आपटला. शाळेच्या स्वयंपाकघरात शंभर पोरांना गप्प करणारी बाई, पण या एकापुढे तिचं काही चालेना. शेवटी तिने एकच मागितलं, जायच्या आधी एकदा माझ्याबरोबर टर्कीच्या शिकारीला चल. त्यावर रॉइसने बराच वेळ विचार केला आणि पैज लावली. टर्की पडली तर उन्हाळाभर राहतो, पुढचं पुढे. नाही पडली तर सोमवारी मुकाट्याने जाऊ द्यायचं.

आज शनिवार होता. उद्या रविवार, आणि रविवारी त्यांच्या, टॅकेटांच्या, घरात बंदूक खुंटीवरून उतरत नाही, हा बापाचा नियम. म्हणजे जे काय व्हायचं ते आजच.

ओकच्या झाडांच्या रांगेत तिने फांद्या आणि जाळी लावून लपण बांधून ठेवलं होतं. त्यात खुर्ची घालताना तिचा घाम निघाला, मानेवर एक गोचीड चढली, आणि डॉगवुडची फांदी डोळ्यात जाता जाता राहिली. खुर्ची एकदाची बसली. उजाडायला लागलं होतं. तिने रॉइसकडे बघितलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

"ही टोपी कुठून आणलीस?"

"चर्चवाल्यांनी दिलेली."

"लाल, पांढरी, निळी!"

"झेंड्याचे रंग आहेत."

"टर्कीच्या डोक्याचेही तेच आहेत, शहाण्या! बाप जिवंत असता तर थोबाडीत दिली असती. कुणीतरी लांबून बघेल आणि घालेल गोळी."

"पाय दिला तेवढा पुरे," रॉइस म्हणाला आणि टोपी काढून तिच्या हातात दिली. "टोपीपायी डोकं नको जायला."

तिने टोपी खिशात कोंबली. चर्चच्या मंडळींनी टोपीबरोबर एक नवी कोरी बंदूकही दिली होती, दस्त्यावर रॉइसचं नाव कोरून. गावात ज्याला त्याला रॉइसला शिकारीला न्यायचं होतं. पाद्री येऊन गेला, फाट्यावरचा लूमिस येऊन गेला, बँकेचा मॅनेजरसुद्धा येऊन गेला. रॉइस सगळ्यांना नाही म्हणाला. बहिणीला हो म्हणाला, याचाच व्हर्लीनला काय तो आधार होता. तिने ती नवी बंदूक भरली आणि त्याच्या मांडीवर ठेवली. मग स्वतःच्या झोळीतून बापाची डबी काढली.

वीतभर लांब सीडरची डबी, वर सैल झाकण. झाकणाला खडू लावून कडेवर घासलं की हुबेहूब मादीचा आवाज. वसंतात नर त्या हाकेला येतो, आणि मारायचा तो नरच. बापाने डबी व्हर्लीनला दिली ती ती शाळकरी पोर असताना, आणि बंदूक रॉइसला. नियम असा की ज्याच्या हाती डबी, त्याच्या हाती बंदूक नाही. एकाच माणसाने दोन्ही करायला घेतलं की हात हलतो, आणि टर्कीला हललेला हात शेताच्या पलीकडून दिसतो. त्यामुळे आयुष्यभर ती हाका मारत आली आणि तो बार काढत आला. तिने एक पक्षी मारला नव्हता. त्याने एक हाक मारली नव्हती.

पहिल्या उजेडात वरच्या कड्यावर नर आरवला. अख्खा डोंगर हलला.

"कुठे?" रॉइसने विचारलं. एका कानाने त्याला दिशा कळत नव्हती.

तिने बोट दाखवलं आणि डबी घासली. नर पुन्हा आरवला. तिने पुन्हा घासली. मग पुन्हा. व्हर्लीनला डबी हातात आली की थांबवत नाही, हे बाप सांगून सांगून थकला होता. तेवढ्यात शेजारून कागदाचा चुरचुर आवाज आला. रॉइस सॉसेज घातलेला पाव उघडत होता.

"आत्ता?" ती फिसकारली.

"भूक लागली."

"टर्की पडू दे, मग तुला अख्खं डुक्कर भाजून घालते. ठेव तो!"

त्याने ठेवला, पण आधी एक मोठा घास घेऊनच.

आणि तरीही, देवाची दया, नर आला. कड्यावरून उतरून मोकळ्या गवतात आला, छाती फुगवून, शेपटीचा पंखा पसरून, डोकं टोपीसारखं लाल-पांढरं-निळं. दोन पावलं टाकायचा, फुगायचा, पुन्हा दोन पावलं. लपणासमोर आला. इतका समोर की त्याच्या छातीवरचा केसांचा झुपका जमिनीला लागलेला दिसत होता. व्हर्लीनने श्वास धरला. आता. आता उचलेल.

रॉइसने उचलली नाही.

"मार," ती ओठातल्या ओठात म्हणाली.

त्याचे दोन्ही हात बंदुकीवर होते आणि बंदूक मांडीवरच होती.

"रॉइस, मार ना! अरे, देवा, मार!"

नराने मान ताठ केली, टुक् असा एक कोरडा आवाज काढला आणि पळत सुटला. गवत हललं, मग तेही थांबलं.

व्हर्लीनचा बांध फुटला. "पैज हरायचीच होती ना तुला? सरळ सांगायचं होतंस! मी काल संध्याकाळी खुर्चीला तेल काय घातलं, चार दिवस फांद्या काय तोडल्या, लूमिसच्या हातापाया पडून त्याचं रान काय मागितलं! आणि हा राजा बसलाय मांडी... बसलाय नुसता! जा, सोमवारी जा! सामानसुद्धा मी भरून देते!"

रॉइसने बंदूक हळूच उचलली, नळी बाहेरच्या बाजूला ठेवून तिच्याकडे सरकवली. तेव्हा तिने त्याचे हात बघितले. भर एप्रिलच्या सकाळी बोटं पांढरी पडली होती, थंडीत पडतात तशी.

"हातात धरली की असं होतं," तो म्हणाला. या वेळी खरोखर हळू. "परत आल्यापासून. आवाजाचं काही नाही, तू शेजारी दहा बार काढ. धरणं जमत नाही."

"मग पैज कशाला लावलीस, मेल्या?"

"वाटलं होतं, पक्षी समोर आला की हात आपसूक उठेल. उठला तर राहू. नाही उठला तर..." तो थांबला. "सगळं गाव मला बंदुका आणून देतंय, व्हर्ली. बंदूक न धरणारा टॅकेट इथे राहून करणार काय? खिडकीत बसणार?"

आता व्हर्लीनच्या लक्षात आलं. सगळ्या गावाला नाही म्हणून तो तिच्याबरोबर आला, आणि तिने केलं काय, तर तीच बंदूक आणून त्याच्या मांडीवर ठेवली. तिला स्वतःचा राग आला, आणि राग आला की ती काय करते हे गावाला ठाऊक होतं. ती दुसऱ्यावर ओरडते.

"तुला तोंड नाही का? बोलता येत नाही?"

"येतं की. तू ऐकतेस कधी?"

"घे!" तिने डबी त्याच्या हातावर आपटली. "बंदूक नको तर ही धर. पण काहीतरी धर, बाबा, माझा जीव खाऊ नकोस!"

रॉइसने डबीकडे बघितलं. मग बंदुकीकडे. मग तिच्याकडे.

"मग बंदूक तुझ्याकडे आली," तो म्हणाला.

"माझ्याकडे? मी कुठे कधी..."

"नियम आहे."

त्याने झाकण घासलं. बाई गं! मादी कसली, कोठाराचं गंजकं दार. व्हर्लीनने डोळे मिटून घेतले. "हलकं! खडू लाव. मनगटाने नको, बोटांनी. आपण मादी आहोत, मांजराचा गळा नाही दाबत." तो घासत राहिला, ती खेकसत राहिली. सूर्य वर आला, दव वाळलं, गोचिडी वाढल्या, थर्मासमधली कॉफी संपली. माद्या आता अंडी घालायला घरट्यांकडे गेल्या असणार, आणि असा एखादा नर एकटा पडून शोधत फिरत असणार, एवढीच आशा उरली होती. हळूहळू दाराची मादी होऊ लागली. मग एकदा रॉइसने असा काही आवाज काढला की व्हर्लीनने मान वळवून बघितलं.

खालच्या ओढ्याकडून नर आरवला.

"वाजव!" ती म्हणाली.

रॉइसने डबी मांडीवर ठेवली.

"अरे वाजव ना! जाईल तो!"

त्याने ओठांवर बोट ठेवलं. व्हर्लीनला वाटलं, आपल्याला इथेच झटका येणार. नर पुन्हा आरवला, रॉइस गप्प. ओढा वाहत होता, एक सुतारपक्षी खोड ठोकत होता, आणि हा माणूस खिडकीशी बसायचा तसाच बसून होता. फक्त आता तो चांगला कान पुढे करून ऐकत होता. बऱ्याच वेळाने त्याने झाकण एकदाच हलवलं, बोटाच्या टोकाने, ऐकू येईल न येईल इतकं, आणि पुन्हा गप्प बसला.

नर न आरवता आला. ओढ्याच्या काठावरून आधी डोकं वर आलं, मग छाती. आधीच्यापेक्षा मोठा.

व्हर्लीनने बंदूक खांद्याला लावली, गाल दस्त्याला चिकटवला. एवढी वर्षं तिने भावाला "मार, मार" म्हणून ढोसलं होतं. त्याला काय होत असेल हे तिला आत्ता कळलं. तिने नळीच्या टोकावरचा नेमाचा मणी त्या लाल मानेवर आणला. सोमवारची गाडी तिच्या डोळ्यांपुढे आली. पडायलाच हवा हा. तिने पक्षी पडतोय का हे बघायला गाल दस्त्यावरून उचलला आणि त्याच क्षणी घोडा ओढला.

बार झाला. डॉगवुडची एक फांदी फुलांसकट खाली आली. नर आरामात उडाला, ओढा ओलांडला आणि पलीकडच्या झाडीत उतरला.

व्हर्लीनने बंदूक खाली ठेवली. संपलं. तिला रडूही येईना. टर्की पडली नाही, पैज गेली, आणि घालवली ती तिने स्वतः.

"गाल उचललास!"

तिने दचकून बघितलं. रॉइस खुर्चीत अर्धा उठला होता, एका पायावर, दोन्ही हात चाकांवर रोवून. चेहरा लालबुंद.

"गाल का उचललास, बये? अगं, समोर उभा होता! पाटीवर लिहून दिल्यासारखा उभा होता! एवढा मरमर करून बोलावला मी त्याला, आयुष्यातला पहिला नर, आणि तू झाडं छाटत बसलीस! शंभरदा सांगत होता बाप, गाल चिकटलेला ठेव, गाल चिकटलेला ठेव! मला सांगायचा तेव्हा तूही ऐकत होतीस ना?"

"माझ्यावर ओरडू नकोस," व्हर्लीन म्हणाली, पण सवयीने. तो असा शेवटचा कधी ओरडला होता हे तिला आठवेना. लढाईला जायच्या आधी केव्हातरी.

"ओरडू नको तर काय करू? तो ओढ्यापलीकडेच उतरलाय. तिथेच झोपणार रात्री. डोकं आहे का त्याला, परत येणार तो याच गवतात." रॉइस डबीचं झाकण पुसत होता, खडूचा तुकडा कागदात गुंडाळत होता, पक्षी गेला त्या झाडीवरून नजर हलवत नव्हता. "उद्या रविवार. उद्याचं सोड. सोमवारी पहाटे, अंधार असतानाच इथे बसायचं. आज दुपारी तुला कोठारामागे उभी करतो आणि पत्र्याच्या रिकाम्या डब्यांवर नेम धरायला शिकवतो. आणि सोमवारच्या आधी या खुर्चीला तेल घाल जरा, डोंगरभर ऐकू जातंय."

व्हर्लीनने तोंड उघडलं. सोमवारी सकाळी गाडी येणार होती. काल संध्याकाळीच चारही चाकांना तेल घातलं होतं, तेही सांगायचं होतं.

"घालते," ती म्हणाली.