नवरीचा मामा

काष्टीच्या मंगल कार्यालयाच्या दारात फेटेवाला बसला होता. त्यानं विचारलं, "बाबा, तुमी कोन?"

मी जरा घुटमळलो. मग म्हणालो, "मामा. नवरीचा."

"मग असं सांगा की! पावन्यांना गुलाबी. मामाचा भगवा."

त्यानं फेटा इतका घट्ट बसवला की भुवया वर ओढल्या गेल्या. आरशात माझा चेहरा कशानं तरी दचकल्यासारखा दिसत होता. घोडेगावच्या वाचनालयात आयुष्य गेलं, तिथं मी कुणाला मोठ्यानं हाकसुद्धा मारली नाही. आता डोक्यावर एवढं भगवं घेऊन लोकांतून चालायचं म्हणजे घामच फुटला. पण आज मागं सरायचं नव्हतं.

ज्योती माझ्या धाकट्या बहिणीची, राहीची मुलगी. ती लहान असतानाच राही गेली. राधाकृष्ण दाजींनी दुसरं लग्न केलं आणि येणंजाणं हळूहळू थांबलं. लग्नाची पत्रिका मोबाईलवर आली. तिच्यात मामा म्हणून माझं नाव नव्हतं. जागा पुरली नसेल, असं मी मनाशी धरलं. मंगलाष्टकांच्या वेळी मामानं नवरीच्या पाठीशी उभं राहायचं असतं. राहीच्या मुलीमागं तेवढं उभं राहावं, एवढंच मनात होतं.

माईकवरून पुकारा झाला, "नवरीचे मामा, नवरीला घेऊन या!"

मी उठलो. खुर्च्यांच्या रांगेतून "जरा, जरा" करत निघालो. एक बाई म्हणाल्या, "आवं बाबा, पंगत न्हाई बसली अजून. अक्षता तरी पडू द्या!" शेजारणी हसल्या. मीही हसलो.

स्टेजजवळ श्रीमंत उभा होता, ज्योतीच्या नव्या आईचा भाऊ. उघड्या डोक्यानं तो फेटेवाल्यावर ओरडत होता, "आरं, मामाचा फेटा कुनाला दिला? एकच सांगितला हुता ना!"

फेटेवाल्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि मग त्याची नजर माझ्यावर थांबली.

दाजी पुढं आले. त्यांनी मला ओळखलं की नाही, हेच क्षणभर कळेना. मग हात जोडून हळूच म्हणाले, "गोरक्षराव, सगळं आधीच ठरलंय बघा. श्रीमंतनंच तिला अंगाखांद्यावर खेळवलंय."

यात खोटं काहीच नव्हतं. मी फेटा काढू लागलो, तर तो निघेना. शेवटी फेटेवाल्यानं दोन्ही हातांनी उपसला, तसा माझा चष्माही त्याच्याबरोबर वर गेला. पुढच्या रांगेत हशा पिकला. श्रीमंतला तो फेटा लहान झाला, कपाळावरच राहिला. पण ज्योतीच्या मागं तो छान उभा राहिला, भिंतीसारखा. मी व्हिडिओवाल्याच्या पाठीमागून अक्षता टाकल्या. त्यातल्या बऱ्याचशा त्याच्याच डोक्यावर पडल्या.

नंतर शुभेच्छा द्यायला रांगेतून स्टेजवर गेलो. ज्योतीची हनुवटी थेट राहीची. तू अगदी तुझ्या आईसारखी दिसतेस, हे वाक्य मी एसटीत बसल्यापासून मनात घोळवत होतो. ते ओठांवर आलंही होतं. तेवढ्यात ती वाकून पाया पडली आणि हसून म्हणाली, "जेवून जा हां, काका. नवरदेवाकडचे ना तुम्ही?"

मागची रांग ढकलत होती.

"हो," मी म्हणालो. "नवरदेवाकडचाच."

फोटोवाल्यानं मला दंडाला धरून नवरदेवाच्या बाजूला उभं केलं.