चौथ्या बाजूचा दिवा

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि मनातल्या मनात एक चौक उभा करा. चार रस्ते, चार खांब, प्रत्येक खांबावर तीन दिवे. एका कोपऱ्यात तुमच्या खांद्याएवढी उंच, करड्या रंगाची लोखंडी पेटी. झाला उभा? आता त्या पेटीकडे नीट बघा, कारण येता-जाता तिच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. लोक तिच्यावर जाहिराती चिकटवतात, पिशव्या टेकवतात, एखादं कुत्रं तिच्या सावलीत ताणून देतं. पण चौकातले सगळे दिवे चालतात ते तिच्या पोटातून निघालेल्या तारांवर. ती रुसली की मोठमोठ्या गाड्या एकमेकींपुढे नाक खुपसून उभ्या राहतात आणि भोंग्यांनी कान किटतात.

आता पेटीशेजारी एक मुलगी उभी करा. नऊ वर्षांची. दोन वेण्या, त्यातली एक नेहमी सुटलेली, कारण वेण्या बाबा घालायचे आणि बाबांचा हात कापडावर चालायचा, केसांवर नाही. बाबा शिंपी होते. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं मशीन होतं. मुलीचं खरं नाव शाळेच्या हजेरीत होतं. घरी तिला सगळे मुंगी म्हणत.

मुंगीची आई सिग्नल दुरुस्तीच्या पथकात मदतनीस होती. पथक हमरस्त्याने गावोगाव फिरायचं. सहा दिवस बाहेर, एक दिवस घरी. त्या एका दिवसात आई कपडे धुवायची, झोपायची, मुंगीच्या वह्या बघायची, आणि संध्याकाळ झाली की दाराशी पुन्हा पिशवी भरलेली दिसायची. ती पिशवी मुंगीला मुळीच आवडत नसे.

पण यंदा एक वाट निघाली होती. गावातले अकरा चौक सांभाळणारे वस्ताद निवृत्त होणार होते. आईने तीन महिन्यांचं प्रशिक्षण घेऊन परीक्षा दिली आणि तंत्रज्ञाचं प्रमाणपत्र मिळवलं, तर ते अकरा चौक तिचे. मग काम गावातच, आणि आई रोज संध्याकाळी घरी. रोज! मुंगीने हा शब्द इतक्या वेळा म्हणून पाहिला होता की बाबा म्हणाले, "अगं, झिजेल तो."

प्रशिक्षण केंद्र बसने सात तास लांब. आई गेली, आणि तीन महिने तिचा आवाज तेवढा दर रविवारी दुपारी फोनवरून घरी यायचा.

"आज काय शिकलीस?" मुंगी विचारायची.

"पाट्या. वळणाची पाटी वळणाच्या किती आधी लावायची, जमिनीपासून किती उंच. काल मी उलटी लावली."

"उलटी? म्हणजे डोकं खाली?"

"नाही गं. उजव्या वळणाला डावीकडचा बाण. सगळा वर्ग हसला. आमच्या सरांनी विचारलं, बाई, गाड्या शेतात घालायच्यात का?"

मुंगी पोट धरून हसायची. आणि फोन ठेवायच्या आधी न चुकता विचारायची, "कधी येणार?"

परीक्षेच्या दिवशी सकाळी तिने आईला फोनवरच शपथ घातली. "आज रात्री मी झोपायच्या आत यायचं. कितीही उशीर झाला तरी. मी जागी राहणार."

आणि आई आली. साडेअकरा वाजले होते, मुंगीच्या पापण्या मिटत होत्या, पण आली. मुंगी तिच्या गळ्यात हात टाकून झोपली. सकाळी कळलं की आई नापास झाली आहे. "एक चूक झाली," आई केस विंचरता विंचरता म्हणाली. "थोडक्यात गेलं. या वर्षी अजून एकदा बसता येतं. सहा आठवडे उजळणी, मग पुन्हा परीक्षा." तिने मुंगीच्या दोन्ही वेण्या घट्ट घातल्या आणि दुपारच्या बसने ती परत गेली. त्या वेण्या मुंगीने तीन दिवस सोडू दिल्या नाहीत.

एके दिवशी शाळा सुटल्यावर मुंगी चौकात आली, तर पेटीचं दार उघडं होतं आणि वस्ताद आत डोकं घालून बसले होते. चौकातले चारही पिवळे दिवे नुसते लुकलुकत होते. काम चालू असलं की तसंच ठेवतात, म्हणजे गाडीवाले जपून जातात.

"वस्ताद, मी बघू?"

"लांबून. हात मागे बांध. हां, अशी." वस्तादांनी एक फ्यूज बसवला, बटण दाबलं, आणि लुकलुकणं थांबून लाल दिवे लागले. मग ते गुडघ्यावर हात ठेवून कण्हत उठले. "चला, आता प्रदक्षिणा."

"कसली?"

"फेरी बघायची. दार लावण्याआधी चारही बाजूंचे दिवे, लाल, पिवळा, हिरवा, एक पूर्ण फेरी. पेटीतला छोटा दिवा म्हणतो की बाहेरचा लागला. पण बाहेर तार तुटलेली असेल, ट्रकने धडक देऊन खांब फिरवला असेल, तर पेटीला काय कळणार? ते रस्त्यावर जाऊनच बघायचं. आपल्या डोळ्यांनी, नाहीतर भरवशाच्या माणसाच्या डोळ्यांनी." ते लंगडत निघाले. "तुझ्या आईचं पथक या गावात कामाला यायचं तेव्हा माझ्या गुडघ्यांना सुख होतं. ती पलीकडच्या कोपऱ्यावर जाऊन उभी राहायची. तिकडचे तिन्ही दिवे लागले की हात वर. हात वर झाला की मी डोळे मिटून दार लावायचो. आता एकट्यालाच चारी कोपरे तुडवायचे."

मुंगी त्यांच्या मागे मागे चालत होती. "किती वेळ लागतो एका फेरीला?"

"या चौकात? दोन मिनिटं दहा सेकंद." वस्ताद हसले. "तुझ्या आईला विचार, तिला कायमचं पाठ झालंय. तेवढ्यावरच तर गेली ना तिची परीक्षा."

मुंगी थांबली.

"म्हणजे?"

वस्तादांच्या ध्यानात आलं की आपण बोलून बसलो. ते टोपी काढून डोकं खाजवू लागले. "तुला ठाऊक नव्हतं होय? अगं, काही नाही. तिने सगळी दुरुस्ती पहिल्या झटक्यात केली. परीक्षेत मदतनीस नसतो, फेरी एकट्याने चालून बघावी लागते. तीन बाजू बघितल्या आणि दार लावलं. चौथ्या बाजूचा लाल दिवा परीक्षकांनी मुद्दाम काढून ठेवला होता. संपलं."

"पण का लावलं तिने दार? ती कधीच घाई करत नाही."

"चार वाजून वीस मिनिटांची बस पकडायची होती तिला. त्यानंतर थेट पहाटेची."

मुंगीने मनात हिशेब केला. चार-वीसची बस निघाली की साडेअकराला घरी. झोपायच्या आत. शपथ कोणी घातली होती, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

वस्तादांनी तिच्याकडे पाहिलं आणि घाईघाईने विषय बदलला. "बरं, तुला गंमत सांगू? नवा चौक हाती आला ना, की पहिल्या दिवशी पेटीला हात लावायचा नाही. आमच्या गुरूंनी घालून दिलेली रीत. नुसतं कोपऱ्यात उभं राहायचं आणि एक पूर्ण फेरी बघायची. चौकाशी ओळख करून घ्यायची. मी या अकराही चौकांत उभा राहिलोय तसा. लोकांना वाटायचं, याला रस्ता ओलांडायची भीती वाटते."

मुंगी हसली नाही. घरी गेली, दप्तर ठेवलं आणि बाबांच्या मशीनखाली चिंध्यांच्या ढिगात जाऊन बसली. बाबांनी पाय थांबवला.

"काय झालं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणताना नाक का ओढतेस?"

"बाबा, दोन मिनिटं दहा सेकंद म्हणजे किती टाके होतात?"

बाबांनी विचार केला. "सरळ शिवण असेल तर एका पायजम्याची एक बाजू. का?"

"उगाच," मुंगी म्हणाली.

त्या रविवारी फोन आला. आईने पाट्यांचं सांगितलं, सरांची नक्कल केली, वसतिगृहातल्या शेजारणीच्या घोरण्याची नक्कल केली. मुंगी हसली. मग फोन ठेवायची वेळ झाली.

"आज विचारलं नाहीस?" आई म्हणाली.

"काय?"

"तेच, नेहमीचं."

"विसरले," मुंगी म्हणाली, आणि फोनची वायर बोटाला इतकी गुंडाळली की बोट पांढरं पडलं.

पुढच्या रविवारी विसरली, त्याच्या पुढच्याही. 'कधी येणार' जिभेच्या टोकावर येऊन उभं राहायचं आणि ती ते गिळायची. गिळलेलं पोटात बसत नसे. शाळेच्या वाटेवर चौकात ती थांबायची, चारही बाजू बघायची, मनात आकडे मोजायची. एकशे तीस झाले की पहिला दिवा पुन्हा हिरवा. रोज एक फेरी. शाळेला दोनदा उशीर झाला. बाईंनी कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली, "सिग्नल लाल होता." खोटं नव्हतंच ते.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी आईने फोन केला. आवाज कोरडा होता.

"झोप झाली का तुझी?" मुंगीने विचारलं, अगदी मोठ्या बाईसारखं.

"होईल. तू कशी आहेस?"

"आई, उद्या येऊ नकोस."

"काय?"

"उद्या रात्री येऊ नकोस. चार-वीसची बस सोड. पहाटेची पकड. मी उद्या लवकर झोपणार आहे. खूप दमलेय."



"कोणी सांगितलं तुला?"

"वस्तादांनी."

"त्या म्हाताऱ्याच्या पोटात एक गोष्ट राहील तर शपथ." आई हसली. "मुंगे, ऐक. चूक माझी होती. दार माझ्या हाताने लागलं."

"हो. पण तू सावकाश चाल. चारही बाजूंना."

"चालेन."

"मी विचारत नाहीये कधी येणार ते."

"कळलं मला," आई म्हणाली. "कधीचंच कळलंय."

दुसरा दिवस काही केल्या सरेना. फोन आला नाही. बाबांनी एका शर्टाला दोन डाव्या बाह्या लावल्या, उसवल्या आणि पुन्हा डावीच लावली. मुंगी ठरल्याप्रमाणे लवकर आडवी झाली आणि छताकडे बघत राहिली.

सकाळी अकराच्या बसची वेळ झाली तशी बाबा म्हणाले, "जा. पण खांब सोडायचा नाही. ती पलीकडे उतरेल, इकडे येईल. तू अलीकडेच."

मुंगी पेटीपाशी जाऊन उभी राहिली. तो सुट्टीचा दिवस होता. रस्त्यावर गर्दी नव्हती. चौकापलीकडे बस थांबली, गेली, आणि मागे आई उरली. खांद्याला तीच पिशवी. थोडी वाळलेली दिसत होती. मुंगीचे पाय तिला न विचारता पुढे निघाले. तिने खांब पकडला. पादचाऱ्यांच्या दिव्यातला माणूस लाल होता.

आईने मुंगीला पाहिलं. हसली. पण हात केला नाही.

मग चालणारा हिरवा माणूस लागला. गाड्या थांबल्या. मधले पांढरे पट्टे रिकामे झाले. आई आता येणार, आत्ता येणार, असं म्हणेपर्यंत हिरवा माणूस लुकलुकू लागला आणि गेला. आई जागची हलली नव्हती. पिशवी पायाशी ठेवून ती मान वर करून उभी होती. आधी डावीकडच्या खांबाकडे बघितलं, मग समोरच्या, मग उजवीकडच्या.

मुंगीचं रडू फुटायच्या बेतात होतं. दीड महिन्याने आली आणि पलीकडेच उभी? पाय दुखतात का? काही झालं का? आणि मग एकदम तिला वस्तादांची टोपी आठवली, त्यांचा लंगडा पाय आठवला. कोपऱ्यात नुसतं उभं राहायचं. ओळख करून घ्यायची. नवा चौक हाती आला की.

मुंगीने खांब इतका घट्ट धरला की लोखंडाचा रंग हाताला लागला.

तिने मोजायला सुरुवात केली. एक बाजू झाली. दुसरी झाली. तिसरी. आईने तिन्ही बघितल्या, एकेक दिवा लागताना तिची हनुवटी किंचित हलत होती. पण चौथा दिवा तिच्याच डोक्यावरच्या खांबावर होता, तोंड मुंगीकडे. आईला त्याची नुसती पाठ दिसत होती. तो बघायला रस्ता ओलांडूनच यावं लागलं असतं.

आईने वर बघणं सोडलं आणि रस्त्यापलीकडे मुंगीकडे बघितलं.

मुंगीने खांब सोडला नाही, हाक मारली नाही, रडलीही नाही. तिने मान वर केली आणि चौथ्या बाजूचा दिवा डोळ्यांत तेल घालून बघितला. लाल होता. मग हिरवा झाला. मग पिवळा, आणि पुन्हा लाल. एकशे तीस. तिन्ही नीट लागले, याची खात्री झाल्यावर तिने आपला उजवा हात सरळ, जितका जाईल तितका वर केला.