पान पासष्ट ते ऐंशी

आमच्या विज्ञानकथा वाचक मंडळाचे दोन नियम आहेत आणि दोन्ही मीच केलेले आहेत, त्यामुळे तक्रार करायला मला तोंड नाही. पुरस्काराच्या यादीतल्या प्रत्येक पुस्तकाची एकच प्रत सभासदांत फिरते. मागे डकवलेल्या चिठ्ठीवर 'पूर्ण वाचले' लिहून सही केली तरच मत देता येतं. दुसरा नियम असा, की ज्याचं पुस्तक यादीत असेल त्याने बैठकीला बसायचं, पण बोलायचं नाही.

यंदा यादीत माझी कादंबरी होती. साठी उलटल्यावरचं पहिलं पुस्तक, चार वर्षं खपून लिहिलेलं. पुरस्कार मला हवा होता, अगदी लाज वाटावी इतका हवा होता.

रविवारी सकाळी बुधवार पेठेतल्या पुस्तकांच्या दुकानावरच्या खोलीत बैठक भरली. बाकीची चार पुस्तकं पंधरा मिनिटांत निकालात निघाली. अध्यक्ष गोपाळकृष्ण जोगांनी एकाचं इंधनाचं गणित चुकल्याचं सांगितलं. ते दरवर्षी कुणाचं ना कुणाचं चुकतं. मग माझं पुस्तक आलं. सुनीती म्हणाली, नायिका यान परत फिरवायचं की नाही हे ठरवते, तो मधला भाग वाचताना गळा दाटून आला.

सही केली नव्हती ती एकट्या जयसिंगने. हा धायरीचा वायरमन, यंदाच सभासद झालेला. चिठ्ठीवर त्याने लिहिलं होतं, 'पान ६५ ते ८० नाहीत. पूर्ण वाचता आले नाही.' जोगांनी नियमाप्रमाणे त्याचं मत बाद केलं.

"माझं मत ऱ्हाऊ द्या," जयसिंग म्हणाला. "पन चौसष्टनंतर परत एकोणपन्नास येतंय, आन् मग एकदम एक्क्याऐंशी. त्या पोरीनं यान फिरवलं का न्हाई? तुमी समद्यांनी वाचलंय, कुनीतरी सांगा की."

कुणी सांगेना. मी प्रत ओढून घेतली. बाइंडरने सोळा पानांचा एक फर्मा दोनदा लावला होता आणि पुढचा विसरला होता. ज्या सोळा पानांसाठी मी पुस्तक लिहिलं, तीच नव्हती. चिठ्ठीवर आठ सह्या होत्या, तारखांसकट.

जोगांनी चष्मा पुसला. "हेमाताई, आजच्यापुरता न बोलण्याचा नियम बाजूला ठेवू. ही पुनरुक्ती मुद्दाम असावी, असं मला वाचतानाच वाटलं होतं. बरोबर ना?"

बाइंडरची चूक म्हटलं असतं तर आठही सह्या खोट्या ठरल्या असत्या, आणि पुरस्कारही गेला असता. शिवाय उरलेल्या चार पुस्तकांच्या चिठ्ठ्यांवर माझी सही होती. त्यातल्या दोन पुस्तकांचं मी फक्त मलपृष्ठ वाचलं होतं.

"मुद्दाम आहे," मी म्हणाले. "तिथे काळ मागे फिरतो."

सुनीतीला म्हणे हे आधीच कळलं होतं. टाळ्या वाजल्या. माझी चार वर्षं मी एका वाक्यात पुसून टाकली आणि वर हसलेसुद्धा.

"असं व्हय," जयसिंग म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, हेच मला सोसवेना. "मग मलाच कळलं न्हाई, ताई."

त्याने प्रत मागून घेतली. आपली ओळ नीट खोडली, खाली 'पूर्ण वाचले' लिहिलं, सही केली आणि आता तरी मत धराल का, असं जोगांना विचारलं. जोग हो म्हणाले.

मत त्याने मलाच दिलं.