गुरुजींची बैठक

"म्हाराज, आज्याचा राहिला."

रावजी हे म्हणाला तेव्हा वेणीमाधव गुरुजी पुढच्या मंत्रावर पोचलेसुद्धा होते. बापाचा पिंड मांडून झाला, पणजोबांचा मांडून झाला; मधले आजोबा गायब! पितृपंधरवडा, रामकुंडावर पाय ठेवायला जागा नाही, आणि सत्तावीस वर्षांत ज्याने एक अक्षर गाळलं नाही त्या माणसाने आज अख्खा पूर्वज गाळला होता.

"काय म्हणालास?"

"तीन वळले, दोनच मांडले. ह्यो बगा, माझ्या हातातच हाय."

रावजी पेठकडचा, डोंगरातला भातशेती करणारा. वडील गेल्या साली गेले, म्हणून पहाटेची एसटी पकडून आला होता. त्याच्या तळहातावर तिसरा पिंड तसाच होता. गुरुजींनी तो बघितला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

तोंडात पाणी होतं कुठे म्हणा! पहाटे चारपासून घोटभरही प्यायले नव्हते. तीन महिने हेच चाललं होतं. अर्ध्या-अर्ध्या तासाला लघवीला लागायची. जावं तर चार थेंब, तेही आग आग करत. ओटीपोटात सतत ठणका. आणि सोवळ्यात उठायचं म्हणजे केवढा खटाटोप! मुतारीपर्यंत जा, परत येऊन नदीत बुडी मारा, धोतर बदला, मग आसनावर बसा. तोवर यजमान ताटकळणार आणि शेजारच्या आसनावरून दत्तूगुरुजी गालातल्या गालात हसणार. वेणीमाधवांच्या घराण्याची बैठक घाटावर नावाजलेली. वडील एकदा बसले की साडेतीन तास हलत नसत. म्हणून या शहाण्या माणसाने उपाय काय काढला, तर पाणीच बंद केलं!

डॉक्टरकडे जायला पाय उचलत नव्हता. एसटी स्टँडजवळच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'गुप्तरोग' रंगवलेलं होतं. त्याखाली लिहिलेली लक्षणं गुरुजींनी एकदा चालता चालता वाचली. सगळी जुळली. त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली. आयुष्यात बायकोखेरीज कोणाकडे मान वर करून बघितलं नव्हतं. पण हे सांगणार कोणाला, आणि खरं मानणार कोण? घरी बायकोने, कुसुमवहिनींनी, विचारलं तेव्हा "उष्णता झालीय" म्हणाले आणि आपलं अंथरूण बाहेरच्या खोलीत नेलं.

"म्हाराज, अंग थरथरतंय की तुमचं," रावजी म्हणाला. "मगापासून मांड्या दाबून बसलाय. लघवीला लागली का?"

डोंगरातला आवाज तो. तीन आसनांपलीकडे ऐकू गेला. दत्तूगुरुजींनी वळून बघितलं. गुरुजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अहो, लाजता काय? मला बी झालं व्हतं. आत गाठ सुजती आपल्या बाप्यांची. लय आग व्हती, ताप बी येतो. सिव्हिलमधी गोळ्या दिल्या, महिना-दीड महिना खाल्ल्या. आता बगा, बरा हाय का नाय?"

गुरुजींनी रावजीकडे बघितलं. हा माणूस भर घाटावर आपलं दुखणं सांगत होता आणि त्याचं काहीच बिघडलं नव्हतं. त्या क्षणी गुरुजींना त्याचा हेवा वाटला.

आता तिसरा पिंड पटकन कडेला ठेवून दोन ओळी पुटपुटल्या असत्या, तर कोणाला कळणार होतं? गुरुजींच्या मनात ते आलंही. पण त्यांनी पळी खाली ठेवली.

"रावजी, हे श्राद्ध झालं नाही. चूक माझी. सर्वपित्रीला ये, सगळं पहिल्यापासून करू."

"परत यायाचं?" रावजीचा चेहरा उतरला. मग तो म्हणाला, "येतो. पन तुमी आदी डागदर गाठा."

दुपारपर्यंत गुरुजी तापाने फणफणले. कुसुमवहिनींनी रिक्षा बोलावली आणि त्यांना जवळजवळ ओढतच डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तिशीतला. त्याने हातमोजा चढवला, कुशीवर वळायला सांगितलं आणि आतून तपासलं. गुरुजींनी डोळे मिटून भिंतीकडे तोंड केलं. बोट लागताच कळ मस्तकात गेली.

"प्रोस्टेटला सूज आहे," डॉक्टर म्हणाला. "लघवीच्या पिशवीखाली अक्रोडाएवढी ग्रंथी असते, पुरुषांनाच. तिथे जंतू गेलेत. लघवी तपासून नक्की सांगतो."

"गुप्त... गुप्तरोग?"

"छे हो! कोणालाही होतं हे. नेटाने गोळ्या घ्या, महिनाभर तरी. मध्येच सोडायच्या नाहीत. पाणी किती पिता?"

उत्तर वहिनींनी दिलं. डॉक्टरने कपाळाला हात लावला. "तुंबवून ठेवायचं, वर पाणी बंद! गुरुजी, लागली की उठायचं. मंत्र थांबतील."

बाहेर बाकावर बसल्यावर वहिनींना रडू फुटलं. "मला वाटलं, तुम्हाला माझा कंटाळा आला. तीन महिने मी हेच धरून बसलेय."

गुरुजींनी चारचौघांत कधी धरला नव्हता तो बायकोचा हात धरला.

सर्वपित्रीला रावजी येतो की नाही याची गुरुजींना धाकधूक होती. गडी सकाळी सातलाच हजर! संकल्पापासून सगळं पुन्हा सुरू झालं. ताप गेला होता, आगही कमी होती. पण बापाचा पिंड मांडून झाला आणि लघवीची तीच ओळखीची कळ आली. जीभ आपोआप घाई करू लागली. चार मंत्र, जेमतेम दहा मिनिटं. दाबता आली असती.

"थांब, रावजी," मंत्र म्हणायच्याच आवाजात ते बोलले. "मी लघवीला जाऊन येतो."

आजूबाजूचे मंत्र क्षणभर अडखळले.

"बैठक मोडली म्हणायची, वेणीमाधवा," दत्तूगुरुजी म्हणाले.

"मोडली," गुरुजी म्हणाले. जानवं कानाला लावलं आणि गर्दीतून वाट काढत गेले, अजिबात न धावता.

परत आले ते बुडी मारून, अंग निथळत. धोतर बदललं आणि आसनावर बसले. रावजी जागचा हलला नव्हता. दुसरा पिंड घेतलेला तळहात तसाच पुढे धरून होता, बोटं अवघडली होती.

"आजोबांचं नाव काय?"

"केरू."

गुरुजींनी ते नाव घेतलं, सावकाश, घाटावर सगळ्यांना ऐकू जाईल असं.