माझ्या कडेचा पोचा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा टब आहे. आंघोळीचा टब. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला बघायला येणारे पाहुणे मला काय काय समजतात ते ऐकून कान किटले आहेत. एका गृहस्थाने तर बायकोला सांगितले, की यात बटाटे साठवत असत. असो.

पत्र्याच्या कारखान्यात ठोकून ठोकून मला लांबट आकार दिला गेला. दोन बाजूंना कड्या बसल्या आणि डोंगराच्या उतारावरच्या या खाणकामगारांच्या वस्तीत मी आलो. इथे एका घराचे छप्पर वरच्या घराच्या उंबऱ्याला लागते. नळ पार गल्लीच्या टोकाला. त्यामुळे एकाच पाण्यात सगळ्या घराने आंघोळ उरकायची अशी रीत होती. आधी मुले, शेवटी खाणीतून आलेला बाप. त्याच्यानंतर त्या पाण्याकडे कोणी बघितलेही नसते.

माझ्या घरात आई, बाबा, ताई आणि तिचा लहान भाऊ राहत. त्याला सगळे धाकटाच म्हणत. संध्याकाळी आई मला चुलीसमोर मांडी आणि गरम पाण्याने भरी. धाकटा माझ्यात इतके पाणी उडवी, की आई वैतागून जाई. मग तो धुतलेला पांढरा सदरा घालून दाराशी उभा राही. बाबा येत तेव्हा डोळे आणि दात सोडून सगळे अंग कोळशाने काळे असे. धाकटा धावत सुटे. बाबा पटकन दोन्ही हात पाठीमागे नेत आणि म्हणत, "थांब, थांब, लागेल." धाकटा हिरमुसून परत फिरे. त्याला अंथरुणावर घातल्यावर बाबा माझ्यात बसत, आई त्यांची पाठ घाशी आणि काळे पाणी बाहेर ओतायचे काम ताईकडे असे. त्यानंतर काय होई, ते थोडे राखून ठेवतो.

एका हिवाळ्यात बाबांच्या छातीने दगा दिला आणि ते गेले. आई मुलांना घेऊन माहेरी गेली आणि हातगाडीत मावलो नाही म्हणून मी मागे राहिलो. नव्या भाडेकरूंनी माझ्यात चक्क कोळसा भरला. ज्याला जन्मभर धुऊन काढले त्यालाच पोटात घेऊन बसायचे, म्हणजे बघा! पुढे खाण बंद झाली, वस्ती ओस पडली आणि मी परसात पडून गंजत राहिलो. कोंबड्या तेवढ्या येऊन बसत.

मग कोणाला तरी सुचले, की ही वस्ती लोकांना दाखवावी. मला घासूनपुसून पुन्हा त्याच चुलीसमोर ठेवले आणि भोवती दोरी बांधली. गाईड म्हणून एक मुलगी आली. मुलगी गोड, पण माझ्या कडेला जो मोठा पोचा आहे त्याची तिने भलतीच कथा रचली. खाणीत स्फोट झाला आणि हादऱ्याने टब भिंतीवर आपटला म्हणे! लोक हळहळत, फोटो काढत. मी मनातल्या मनात चरफडे. त्यातच पत्र्याच्या कारागिराला बोलावून पोचा काढायचा आणि मला चकचकीत रंग द्यायचा असे ठरले.

त्याच आठवड्यात पाहुण्यांच्या घोळक्यातून दोन म्हातारी माणसे आली. ताईला मी चालीवरून ओळखले. धाकट्याचे केस पिकले होते, पण ताईच्या तोंडी तो अजून धाकटाच होता. बाकीचे पुढे गेले तरी तो दारातच उभा राहिला.

"मला या घरातलं एकच आठवतं, ताई," तो म्हणाला. "मी धावत जायचो आणि बाबा हात मागे घ्यायचे. कधी उचललंच नाही त्यांनी मला. नकोसाच असेन."

ताई चटकन त्याच्याकडे वळली. इतक्या वर्षांत तो हे कधी बोलला नव्हता.

"अरे वेड्या, हात काळे असायचे त्यांचे. आणि तू नुकता धुतलेला."

"नंतर तर धुवायचे ना?"

"नंतर तू झोपलेला असायचास." ताईने माझ्याकडे बोट दाखवले. "तो पोचा मी पाडलाय. पाणी ओतताना टब पायरीवर निसटला. केवढा आवाज झाला! आता ओरडा बसणार म्हणून मागे बघितलं, तर बाबा इथे बसलेले, अंग अजून ओलंच, आणि तू त्यांच्या खांद्यावर गाढ झोपलेला. त्यांनी नुसतं ओठांवर बोट ठेवलं. रोज असेच बसायचे रे. आई म्हणायची, आता जेवून घ्या. तर म्हणायचे, थांब जरा, आत्ता कुठे हात स्वच्छ झालेत."

अक्षर न् अक्षर खरे आहे, मित्रांनो. मी तिथेच पायरीवर पालथा पडून सगळे बघत होतो. पण टबाला बोलता येत नाही. ताई आली नसती तर हे कोणी सांगितले असते?

धाकटा दोरीखालून वाकून आत आला. मागे ऐकत थांबलेली गाईड त्याला अडवायला पुढे झाली, पण तशीच मागे सरली. त्याने पोच्यात दोन्ही हात ठेवले. मला भरून आले. टबाला भरून येणे काही नवे नाही, पण या खेपेला त्यात पाणी नव्हते.

कारागीर आला तेव्हा गाईडने त्याला नुसत्या कड्या घट्ट करायला लावल्या. आता ती पाहुण्यांना खरी गोष्ट सांगते. जुन्या वस्तू जपा, मित्रांनो, त्यांना गंज चढू देऊ नका. पण पोचा काढायच्या आधी घरातल्या मोठ्या माणसांना एकदा विचारा, की तो पडला कसा. ती माणसे आहेत तोवरच विचारा.

आणि हो, एक सांगायचे राहिले. त्या दिवशी निघताना धाकट्याच्या हातांना माझा गंज लागला होता. अंगात पांढरा सदरा होता, म्हणून ताईने घाईघाईने रुमाल पुढे केला आणि म्हणाली, "थांब, लागेल."

त्याने हात पाठीमागे नेले नाहीत. तसेच पुढे करून ताईला जवळ घेतले आणि म्हणाला, "लागू दे."